घरात जागणारा रेडिओ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘अमेरिकेतील माझे चार महिने’ असा विषय दिला होता. त्यांचा मान राखून मी तो जरा आखूड करून घेतला आहे. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली बाई अमेरिका ती किती पाहणार? बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर, मागचे अंगण आणि वाणसामानाच्या दोन-चार फेऱ्या, एवढीच माझी अमेरिका. उंच उंच इमारती म्हणाल तर त्या विमानाच्या खिडकीतून पाहिल्या. पण त्या घरात एक वस्तू होती. परत आल्यापासून तिची हकीगत मी कितीजणींना ओटीवर बसून सांगितली, आणि प्रत्येकीने विचारले, “अगं, मग आपल्याकडे का नाही?” म्हणून आज तेवढेच सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे वादळाची खबर देणारा घरगुती रेडिओ.

आपण किनाऱ्यावरची माणसे. वारा कसा फिरतो हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ३ जून २०२० चा दिवस इथे बसलेली एकही बाई विसरली नसेल. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी भर दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर चढले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वारा. इशारा मिळाला नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. दोन दिवस आधीपासून मोबाईलवर, टीव्हीवर, रिक्षाला कर्णा बांधून सांगणे चालूच होते. होड्या वर ओढल्या होत्या, खाजणाकडच्या घरांतली माणसे शाळेत नेली होती. त्यात करोनाचे दिवस, तोंडाला फडकी बांधून सारे एका वर्गात. पण वादळ चढले, खांब आडवे झाले, वीज गेली, टॉवर बंद पडले आणि आपण सगळे गाव एका क्षणात बहिरे झालो. संध्याकाळी वारा पडला, तेव्हा हे संपले की उलटून पुन्हा येणार, एवढे सांगायलाही कोणी नव्हते. खालच्या आळीतल्या एका आजोबांकडे सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर होता. त्यांच्या ओटीवर त्या रात्री पन्नास माणसे बातम्या ऐकायला बसली होती. सुपारीच्या बागा गेल्या, नारळ गेले, कौले गेली, हे दुःख आहेच. पण त्या रात्रीचे ते बहिरेपण मला अजून आठवते. काही वाड्यांत तर महिना उलटला तरी वीज आली नव्हती.

आता माझी लेक राहते त्या गावाविषयी. अमेरिकेच्या मधोमध ओक्लाहोमा नावाचे राज्य आहे, त्यात नॉर्मन हे गाव. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. सन २०२४ च्या एप्रिलच्या आरंभी मी तिथे उतरले, तेव्हा मनात म्हटले, चला, चार महिने तरी वाऱ्याची धास्ती नाही. पण तिथे जमीनच समुद्रासारखी सपाट आहे. दक्षिणेकडच्या आखातावरून ऊबदार दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी येते, वर थंड वारे धावत असतात. एप्रिल, मे, जून या महिन्यांत यांची गाठ पडली की डोंगराएवढे ढग उभे राहतात, आणि त्यांतल्या एखाद्या ढगातून हत्तीच्या सोंडेसारखी सोंड जमिनीला टेकते. तिला ते टॉर्नेडो म्हणतात. आपली वावटळ पाचोळा उडवते. ही घरे उडवते. नॉर्मनला लागूनच मूर म्हणून गाव आहे. त्या भागात ३ मे १९९९ रोजी छत्तीस माणसे दगावली. पुढे २० मे २०१३ रोजी त्याच मूर गावावरून दुसरी गेली. चोवीस माणसे मेली, त्यांत एकाच शाळेतली सात मुले होती.

आपले चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते, ते उपग्रहाला चार-चार दिवस आधी दिसते. सामानाची बांधाबांध करायला, म्हाताऱ्यांना हलवायला सवड मिळते. टॉर्नेडोचे तसे नाही. बहुतेक वेळा तो काही हातांपासून मैलभर रुंद असतो, आणि त्याचा पक्का इशारा मिळतो तो सरासरी दहा-पंधरा मिनिटे आधी. दहा मिनिटांत आपला भातसुद्धा शिजत नाही. गावात मोठे भोंगे आहेत, दर शनिवारी दुपारी बारा वाजता ते वाजवून पाहतात. पण ते भोंगे घराबाहेर असलेल्या माणसांसाठी. रात्री दारे-खिडक्या बंद, हवा थंड करायचे यंत्र घुमते आहे, अशा वेळी बाहेरचा भोंगा आत ऐकू येईलच असे नाही. म्हणून घरात रेडिओ ठेवायचा.

हा रेडिओ दिसायला आपल्या मसाल्याच्या डब्याएवढा. पुढे अक्षरांची छोटी खिडकी, तीन दिवे आणि काही बटणे. गाणी नाहीत, बातम्या नाहीत, कीर्तन नाही. तिथल्या सरकारी हवामान खात्याची हजारावर प्रक्षेपण केंद्रे देशभर आहेत, त्यांवरून रात्रंदिवस फक्त हवामान सांगतात. आपल्या साध्या रेडिओवर ते लागत नाही; त्याच्या सात जागा वेगळ्या आहेत, १६२.४०० पासून १६२.५५० मेगाहर्ट्झपर्यंत. पण खरी मौज पुढेच आहे. हा रेडिओ एरवी गप्प बसतो. आपण त्याला विसरून जातो. हवामान खात्याने आपल्या भागासाठी इशारा सोडला की तो आपला आपणच जागा होतो, कर्कश ओरडतो, दिवा लावतो आणि मग काय धोका आहे ते बोलून सांगतो. तीस-चाळीस डॉलरला मिळतो. तिथे सोन्याची फुली घेणाऱ्या बाईनेही हा घेतलेला असतो.

जावईबापूंनी खोके आणून ठेवले होते, पण त्यांचे काम आठवड्यातले निम्मे दिवस डॅलसला. निघता निघता म्हणाले, “आई, आलो की लावतो.” मी लेकीला म्हटले, ढग काही जावईबापूंची वाट पाहत थांबायचा नाही. तिने मांडीवर बाळ घेऊन पुस्तिका वाचायची, अर्थ सांगायचा, आणि मी बटणे दाबायची, असे आम्ही ठरवले. मी सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरे लावून लावून वाचते. पण आकड्यांना भाषा नसते.

आधी आत तीन पेन्सिल सेल घातले, मग वायर भिंतीत खोचली. हा क्रम मला आवडला. वीज जाणार हे धरूनच ते यंत्र केलेले आहे. दिवे गेले की सेलवर चालू राहते. मग जागा. प्रथम फ्रीजवर ठेवला, नुसती खरखर. लोखंडी, पत्र्याच्या वस्तूजवळ तो चालत नाही. खिडकीशेजारच्या फळीवर ठेवल्यावर आवाज मोकळा झाला. सातही जागा एकेक लावून पाहिल्या, १६२.४०० वर सर्वांत स्वच्छ ऐकू आले, ती ठेवली. बोलणारा आवाज माणसाचा नाही, यंत्राचा आहे. हेल नाही, श्वास नाही, पंचांग वाचल्यासारखा एका सुरात चाललेला. मग घड्याळ लावले.

यानंतरचे काम सगळ्यांत महत्त्वाचे, आणि तेच बरेचजण करत नाहीत. प्रत्येक भागाला तिथे सहा आकड्यांचा क्रमांक आहे. तिथली काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. आमचा क्रमांक होता ०४००२७. पहिले शून्य म्हणजे सबंध काउंटी, ४० म्हणजे ओक्लाहोमा राज्य, आणि ०२७ म्हणजे नॉर्मन ज्या क्लीव्हलंड काउंटीत आहे ती. हा क्रमांक भरला की रेडिओ फक्त त्या काउंटीचा इशारा आला तरच ओरडतो. न भरता तसाच ठेवला, तर ते केंद्र जेवढ्या मुलखाला ऐकू जाते तेवढ्या सगळ्या मुलखाचे इशारे तो आपल्या उशाशी ओरडत बसतो. साठ मैलांवर गारा पडणार म्हणून रात्री दोनला घर जागे. असे चारदा झाले की पाचव्यांदा माणूस उठतो आणि वायर उपटून टाकतो. मग खरा दिवस उगवतो तेव्हा रेडिओ कपाटात असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या शेजारी एक आजी राहत, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. कानाने कमी. मी दुपट्टी वाळत घालायला मागे गेले की कुंपणापलीकडून हात हलवायच्या. लेकीने आमच्या रेडिओचा विषय काढला तर म्हणाल्या, माझ्याकडेही आहे, पण मेला रात्री-बेरात्री उगाच ओरडतो म्हणून खणात टाकला. मी लेकीला म्हटले, “विचार, क्रमांक भरलाय का?” नव्हताच भरलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांना मराठी नाही, मला बोलण्याइतके इंग्रजी नाही. सेल काढून पाहिले तर गंजलेले. नवे घातले, फळीवर जागा पाहिली, सहा आकडे भरले आणि बोटाने क्लीव्हलंडचे नाव दाखवले. त्यांनी मला खुर्ची दिली, साखर नसलेला चहा दिला. ऐकू न येणाऱ्यांसाठी या रेडिओला जोडायची एक चकती मिळते, ती उशीखाली ठेवायची. इशारा आला की ती थरथरते. आजींच्या मुलाने ती मागवून दिली.

दर आठवड्याला, बहुधा बुधवारी दुपारच्या सुमारास, हवामान खाते एक परीक्षेचा संदेश सोडते. धोका काही नसतो. तुमचा रेडिओ जागा आहे ना, एवढेच पाहायचे. त्या वेळी दिवा लागला नाही तर समजावे की सेल, वायर, जागा यांत काहीतरी बिघडले. मला ही चाल फार पसंत पडली. आपण देवापुढचे निरांजन रोज घासतो, पण अडचणीच्या वेळची बॅटरी अडचण आल्यावरच शोधतो.

आता दिव्यांविषयी. पिवळा दिवा म्हणजे साधी माहिती. नारिंगी म्हणजे ‘वॉच’. तांबडा म्हणजे ‘वॉर्निंग’. हे दोन इंग्रजी शब्द लेकीने मला समजावून सांगितले आणि मी माझ्यापुरते असे बसवून घेतले: दूध चुलीवर ठेवले आहे, तो वॉच, दूध वर आले, ती वॉर्निंग. नारिंगी दिवा लागला की आकाश तापते आहे, घरात लक्ष ठेवा. तांबडा लागला की टॉर्नेडो कोणीतरी पाहिला आहे किंवा रडारवर दिसला आहे, हातातले टाका आणि निवाऱ्याला जा. वॉच काढणारी कचेरी साऱ्या देशासाठी एकच आहे, आणि ती नॉर्मनमध्येच आहे, लेकीच्या घरापासून थोड्या अंतरावर. मला तिची इमारत बाहेरून दाखवली. मी मनातल्या मनात नमस्कार केला.

पहिल्या पंधरवड्यात रेडिओ रात्री दोनदा ओरडला, दोन्ही वेळा गडगडाटी वादळ आणि गारा. बाळ दचकून उठले, तासभर रडले. लेक चिडली. बाळंतिणीची झोप ती, तिलाही मी दोष देत नाही. म्हणाली, “आई, मोबाईलवर येतंच ना सगळं, हा बंद कर.” मी म्हटले, “तुझा मोबाईल रात्री तू बंद करतेस, बाळ उठेल म्हणून. मग येणार कुठे?” यावर आमचे थोडे वाजले. शेवटी तिनेच पुस्तिकेतून काढले की कोणते इशारे वाजावेत आणि कोणते वाजू नयेत, हेही त्या यंत्रात ठरवता येते. आम्हाला नको असलेले चार-दोन प्रकार बंद केले. टॉर्नेडोचा इशारा मात्र त्या यंत्रात बंद करता येत नाही. ज्याने ते केले त्याच्या घरी लेकुरवाळी असावी.

२७ एप्रिल २०२४, शनिवार. जावईबापू डॅलसला. नातू एकोणीस दिवसांचा. दुपारनंतर नारिंगी दिवा लागला. बाहेर ऊन होते, पण हवा अशी चिकट की आपल्याकडचा मे अखेर आठवावा. तिकडच्या घरांना बहुधा तळघर नसते. लेकीच्या घरी गाडी ठेवण्याच्या खोलीत जमिनीखाली एक लोखंडी पेटी पुरलेली आहे, सरकत्या झाकणाची, आत चार-पाच माणसे गुडघे मोडून बसतील एवढी. मी तिच्यात पाणी, बॅटरी, बाळाची दुपटी, एक जुने पांघरूण आणि आमचे बूट ठेवले. बूट का, तर नंतर बाहेर यायचे ते काचांवरून. ही गोष्ट तिथे मुलांनासुद्धा पाठ आहे. जेवणे लवकर उरकली.

रात्री तांबडा दिवा लागला. त्या आवाजाचे वर्णन मी करत नाही. पण त्यात मी एक शब्द ओळखला, क्लीव्हलंड. बाकीचे समजायची गरज नव्हती. लेकीला हलवले, बाळ छातीशी धरले आणि खाली उतरलो. दोन मिनिटांनी दारावर थापा. शेजारच्या आजी, अंगात झोपेचा झगा, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात ती उशीखालची चकती, वायरीसकट उपटून आणलेली. मला दाखवायला आणली होती. तशा वेळीही मला हसू आले. त्यांना आत घेतले, झाकण ओढले. वर गारांचा मारा, मग वाऱ्याचा असा घोष की कानांत दडे बसले. बाळ तेवढे शांत झोपले होते.

आमच्या गल्लीत काही झाले नाही. काही फांद्या, एका घराचे कुंपण. परंतु त्याच रात्री दक्षिणेकडच्या सल्फर नावाच्या गावाची बाजारपेठ उद्ध्वस्त झाली, होल्डनव्हिल गावाजवळ घरे गेली. ओक्लाहोमा राज्यात त्या रात्री चार माणसे दगावली. त्यांत एक तान्हे बाळ होते. सकाळी लेकीने ती बातमी मला वाचून दाखवली आणि पुढे वाचेना. रेडिओ बंद करण्याची गोष्ट त्यानंतर त्या घरात निघाली नाही.

आता आपल्याकडे का नाही, या प्रश्नाकडे येते. दोघी-तिघींनी मला “येताना एक आणायचा होतास” असे म्हटले. भगिनींनो, तो इथे आणून उपयोग नाही. तो ज्या सात जागांवर ऐकतो, त्या जागांवर आपल्याकडे हवामान खाते काही बोलत नाही. शोभेचा डबा होईल. आपल्या देशात असे काहीच झाले नाही असेही नाही. १९८० नंतरच्या दशकात आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर उपग्रहावरून चक्रीवादळाचा इशारा घेणारी, आपोआप भोंगा वाजवणारी यंत्रे बसवली गेली. पण ती सरकारी कचेऱ्यांत. कचेरीत वाजले, कचेरीने गावाला कळवायचे, गावाने आळीला. तिथून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत कोणी न्यायचे, ते कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते.

सन २०२३ मध्ये आपणा सर्वांचे मोबाईल एके दिवशी एकदम कर्कश वाजले होते, आठवते? कितीजणी घाबरून फोन फेकून बाहेर आल्या होत्या. तो त्या रेडिओचाच चुलतभाऊ. त्या भागातल्या साऱ्या फोनांवर सरकार एकदम इशारा पाठवू शकते, त्याची ती परीक्षा होती. चांगलीच सोय आहे. ज्यांनी भीतीने फोनमधून तो प्रकार बंद करून घेतला असेल, त्यांनी घरातल्या मुलांकडून आजच चालू करून घ्यावा. पण टॉवर पडला की हा चुलतभाऊ मुका. निसर्गच्या रात्री आपण ते भोगले आहे. म्हणून माझे म्हणणे, आजोबांचा ट्रान्झिस्टर हाच आपला घरगुती राखणदार. तो स्वतः जागा होणार नाही. त्याच्याऐवजी आपल्यातल्या कोणी जागावे लागेल.

आपल्या खात्याची भाषाही समजून घ्यायला हवी. चक्रीवादळाची दक्षता साधारण ४८ तास आधी, आणि पक्का इशारा २४ तास आधी देतात. पावसाचेही माप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. मात्र इशारा येतो तो बहुधा सबंध जिल्ह्याला. आपला रायगड म्हणजे माथेरानचा डोंगरही आणि आपली पुळणही. नारिंगी रंग ऐकून चार वेळा आपल्याकडे ऊन पडले की लोक हसतात, आणि पाचव्यांदा ऐकत नाहीत. शेजारच्या आजींच्या खणातला रेडिओ तो हाच. यावर मला उपाय एवढाच सुचतो की जिल्ह्याच्या रंगावर थांबू नये. किनाऱ्यावर वारा किती, समुद्र कसा, मच्छीमारांना काय सांगितले, एवढे नेमके ऐकावे. बंदरावर बावटा लागला का, हे कोळीवाड्यातल्या आपल्या सभासद भगिनी आपल्या आधी सांगतील.

मागच्या सभेत एक भगिनी म्हणाल्या, हे काम ग्रामपंचायतीचे, पुरुषांचे. ग्रामपंचायत तिचे करतेच. पण ३ जूनला दुपारी घराघरांत कोण होते, ते आठवून पाहावे. पुरुष होड्यांशी आणि बागांत. वर कौले उडत असताना सासूला धरून देवघराच्या कोपऱ्यात कोण बसले होते? ज्याच्या हाताशी म्हातारी आणि मूल, त्याच्या कानाशी रेडिओ हवा.

म्हणून चिटणीसबाईंशी बोलून मी असे ठरवून आले आहे. प्रत्येक आळीत एक ट्रान्झिस्टर. माळ्यावर पडलेले पुष्कळ असतील, पुढच्या सभेला घेऊन यावे. चालतो की नाही ते इथेच पाहू. सेल मंडळाच्या शिलकेतून घ्यायला अध्यक्षबाईंनी मान्यता दिली आहे. मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे आपल्या समुद्रात वादळे उठतात त्या दिवसांत, प्रत्येक आळीतल्या दोघींनी आलटून पालटून आकाशवाणीचे हवामान ऐकायचे. इशारा असला तर त्यांनी कोणकोणत्या घरी स्वतः जाऊन सांगायचे त्याची यादी आज करायची आहे. एकटी राहणारी माणसे, अंथरुणाला खिळलेली, ऐकू कमी येणारी आणि बाळंतिणी. वरच्या आळीतल्या दोन घरी ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे हाक मारून भागणार नाही, आत जाऊन हात लावून उठवावे लागेल, म्हणून त्यांच्या दाराची कडी कशी उघडते तेही पाहून ठेवावे. आणि महिन्यातल्या पहिल्या बुधवारी दुपारी धोका नसतानाच एकदा सगळीकडे निरोप फिरवून पाहायचा, किती वेळ लागतो तो मोजायचा. आमच्या आळीचे काम मी घेतले आहे. खालच्या आळीला अजून कोणी नाही. त्या बाजूच्या भगिनींनी चहा होईपर्यंत आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.